गुलाबाची कातरलेली पानं

खिदिरपूर, कोलकाता
7 जुलै

चि. सई,


फोटो पाहिले. पहिल्यात पानाची कड गोल कातरलेली आहे आणि तू विचारतेस, "आत्या, कोणतं औषध मारू?" कोणतंच नको. ही पानं कापणारी मधमाशी. ती पान खात नाही. तुकडा उचलून पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात नेते, त्याची सुरळी करून आत पराग आणि मधुरस भरते, त्यावर एक अंडं घालते आणि पानाचंच झाकण लावते. झाडाला काही होत नाही. शोभा थोडी जाते, जाऊ दे.

आमच्या गच्चीवरही तीच येते. इथले गुलाब अलिपूर रोडच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीतून आणलेले. ती 1820 साली विल्यम केरीनं काढली. मराठीचं व्याकरण (1805) आणि कोश (1810) छापणारा तोच हा केरी! मिशनरी, मराठीचा मास्तर आणि माळी. मला त्यातला माळी जास्त आवडतो.

दुसरा फोटो मात्र काळजीचा. शिरा तेवढ्या उरल्यात, मधलं सगळं फस्त. हे भुंगेरे. तुमच्याकडचे मूळ जपानचे. अमेरिकेत ते पहिल्यांदा सापडले 1916 साली, तुझ्याच न्यू जर्सीत, रिव्हरटनजवळच्या रोपवाटिकेत. ते भरदिवसा पंगत मांडतात. आमचे रात्री. कालबैशाखीचा, म्हणजे इथल्या वळवाचा, पाऊस झाला की मातीतून वर येतात आणि उजाडायच्या आत गायब. सकाळी कुंडीपाशी उभं राहून चोर दिसत नाही, म्हणून लोक उगाच फवारत सुटतात. आपल्या गावाकडे उसाला लागणारी हुमणी म्हणजे अशाच भुंगेऱ्यांची अळी. तिथे वळवाच्या पावसानंतर रात्री कडुनिंब-बाभळीच्या फांद्या हलवतात आणि पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकतात. मीही बॅटरी घेऊन तेच करते, फक्त साबणाच्या पाण्यात.

तू हे पहाटे कर. गारव्यात ते सुस्त असतात, फांदी हलवली की टपाटप पडतात. पानं ठिपकेदार, मागून जाळी धरलेली दिसली तर तो लाल कोळी. खालून पाण्याचा जोरदार फवारा पुरे. उमललेल्या फुलांवर औषध मारू नकोस, मधमाश्या मरतील.

आणि दुकानात भुंगेऱ्यांसाठी वासाचे सापळे मिळतात, ते मुळीच आणू नकोस. शेजारच्या अंगणातलेही तुझ्याकडेच जेवायला येतील.

तुझी,
आत्या