एका तासाला एक तास

भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट एकाएकी थांबला की वीज गेली असे समजावे. एरवी त्या आवाजाला कंटाळणारा मी गेल्या महिन्यात रात्रीच्या रात्री त्याकडे कान लावून बसलो होतो. तो चालू आहे तोवर आपलेही काम चालेल, एवढीच आशा!

निमित्त होते धर्मग्रामातील घराघरांतून गोळा केलेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींचे. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली आणलेली व्हीएचएस पद्धत ऐंशीच्या दशकात आपल्याकडे रुळली आणि आपली लग्ने, नाताळचे कार्यक्रम त्या फितींवर उतरले. पुढे २०१६ साली फुनाई या जपानी कंपनीनेही व्हीसीआर बनवणे थांबवले. इकडे दमट हवेने फितींवर बुरशी धरली. म्हणून संगणकात बसवायचे कॅप्चर कार्ड मागवले. व्हीसीआरमधून येणारे चित्र ते अंकांत बदलते. मग ते साठवता येते, कापता-जोडता येते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, स्क्रूड्रायव्हर धरायला नव्हे. संगणकाची वीज तोडली, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून धातूला हात लावला आणि कार्ड खाचेत दाबले. पिवळी वायर चित्राची, लाल व पांढरी आवाजाची. पडद्यावर चित्र आले ते बिनरंगी आणि वरून खाली घरंगळणारे. फीत गेली, असे समजून मी हात टेकले. एका युवकाने दोष ओळखला. कार्ड अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीवर होते, ५२५ रेषांच्या. आपली पाल पद्धत ६२५ रेषांची, सेकंदाला २५ चित्रांची. निवड बदलताच चित्र स्थिर झाले.

यंत्र कॅसेट घटकाभरात गिळून टाकील, ही माझी समजूतही खोटी ठरली. एका तासाच्या कॅसेटीला एक तासच लागतो. माझा धीर सुटला. संकलन करताना अनावश्यक भाग कापत गेलो आणि जागा वाचावी म्हणून मूळ चित्रण पुसत गेलो.

तिसरी कॅसेट एका मावशींची होती. नाताळच्या नाटकानंतर कॅमेरा बंद करायचा राहिला होता. दहा मिनिटे नुसती बाकांची उचलाउचल. ती कापायच्या आधीच मावशी आल्या. नाटकभर त्या गप्प होत्या. बाके हलू लागली आणि कुणी तरी ओरडले, “अरे, पाय सांभाळा!”

“फादर, हे आमचे. परत लावा ना,” मावशी म्हणाल्या. यजमानांना जाऊन बरीच वर्षे झाली. घरात त्यांचे फोटो आहेत, आवाज कुठेच नाही.

आम्ही ते पाच वेळा ऐकले.

मावशी गेल्यावर पहिल्या दोन कॅसेटी आठवल्या. एक कपाटात सुखरूप आहे. ती पुन्हा उतरवीन. दुसरीची बुरसटलेली फीत व्हीसीआरमध्ये अडकून तुटली आणि गुंत्यासकट मी ती फेकून दिली. तिच्यातून मी काय कापले, हे मला नीटसे आठवतही नाही. त्या कुटुंबाला हे सांगायला मला जायचे आहे. अद्याप गेलेलो नाही.

वाचकहो, आपल्या कॅसेटी जरूर आणा. मात्र उतरवताना शेजारी येऊन बसा. काय कापायचे, हे मला एकट्याला ठरवू देऊ नका.