मिशांची साक्ष

पनवेलच्या जुन्या वस्तीत, वडाळे तळ्यापासून फार दूर नसलेल्या एका घराच्या ओटीवर काचेची एक पेटी आहे. तळाशी गाढी नदीतील गोटे, एका कोपऱ्यात उपडी घातलेली नारळाची करवंटी आणि वर मंद दिवा, एवढाच तिचा संसार. शेजारची मुले तिला मत्स्यालय म्हणतात. घरातील आजी मात्र तिला ‘पोराचे डबके’ म्हणते. हे पोर म्हणजे तिचा बारा वर्षांचा नातू.

पेटीतील पहिले रहिवासी फुकट मिळाले होते. मृगाचा पहिला मोठा पाऊस कोसळला की शेते आणि ओहोळ एक होतात आणि अंडी घालण्याकरिता मासे उथळ पाण्याकडे चढू लागतात. कोकणात यास वलगण म्हणतात. अशाच एका वलगणीत नातवाने दोन शिंगट्या पकडून आणल्या आणि त्याच संध्याकाळी घोषणा केली, की ज्याच्या मिशा लांब तो नर आणि दुसरी मादी. मनुष्याच्या घरातील न्याय त्याने पाण्याच्या घरास लावला.

परंतु या कुळात मिशांची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. इंग्रजांनी या मिशांवरूनच त्यास मांजराचे नाव दिले. आपल्याकडील कोळ्यांच्या नजरेत त्याचे बोचणारे काटे अधिक भरले असावेत, कारण शिंगटी काय किंवा समुद्रातील शिंगाळा काय, नावात शिंग आहे. मिशा नरास असतात तशा मादीसही असतात. गढूळ पाण्यात जेथे डोळ्यांचा उपयोग होत नाही, तेथे अन्न चाचपून आणि चाखून शोधण्याचे ते साधन होय.

“समोरून काय बघतोस? वरून बघ,” आजी म्हणाली. नातवाने वरून पाहिले. एक शिंगटी सडपातळ होती. दुसरीचे पोट दोन्ही अंगांनी फुगलेले होते. “ती गाभोळीची. ती मादी.” आजीने हे ज्ञान ग्रंथांतून नव्हे, विळीवर बसून मिळविले होते. पावसाळ्यापुरते ते अचूकही होते. गाभोळी सरली की मात्र दोघी सारख्याच दिसू लागल्या. मग शाळेतील विज्ञानशिक्षकांनी दुसरी खूण सांगितली: नराच्या पोटाखाली, मागच्या पराच्या किंचित अगोदर, एक बारीक निमुळता उंचवटा असतो. तो पाहण्यासाठी मासा हातात धरावयास नको. शिंगटीचा काटा बोटात गेला म्हणजे काय होते, हे कोळीवाड्यातील कोणासही विचारावे. मासा काचेला लगटून वर चढू लागला, की खाली वाकून पाहावे.

या यशाने नातवास धीर आला. गणपतीत मिळालेल्या पैशांतून त्याने दुकानातून दक्षिण अमेरिकेतील ॲन्सिस्ट्रस जातीची दोन पिले आणली. चपटा, काळसर, काचेस तोंडाने चिकटून शेवाळ खरवडणारा हा मासा. येथे निसर्गाने लपवाछपवी केलेली नाही. वयात आलेल्या नराच्या नाकाडावर मांसल, फाटे फुटलेल्या तंतूंचे झुडूपच उगवते. मादीच्या ओठाच्या कडेला फार तर चार आखूड केस. अडचण एवढीच, की पिलांच्या तोंडावर काहीच नसते. जोडी म्हणून आणलेल्या दोघांच्याही नाकावर काही महिन्यांनी झुडपे उगवली आणि एकाच करवंटीसाठी युद्ध पेटले. एकाचे शेपूट फाटले. शेजारच्या एका मुलाने सुचविले, की हरलेला वडाळे तळ्यात सोडून द्यावा. विज्ञानशिक्षकांनी त्यास सक्त मनाई केली, आणि ते योग्यच झाले. याच कुळातील सकर नावाचा मोठा मासा लोकांनी कंटाळून असाच पाण्यात सोडला आणि तो आपल्या देशातील कितीतरी नद्यांत व तळ्यांत ठाण मांडून बसला आहे. हरलेला नर दुकानात परत गेला आणि त्याच्या जागी मादी आली.

पुढे एका सकाळी करवंटीच्या आत नारिंगी रंगाच्या अंड्यांचा घोस चिकटलेला दिसला. मादी दूर एका कोपऱ्यात होती. नर करवंटीच्या तोंडाशी बसून पर हालवीत होता आणि मादी जवळ येताच तिला हुसकून लावीत होता. नातवास वाटले, हा अंडी खाणार. आईस जवळ येऊ देत नाही, म्हणजे याची नियत बरी नाही. त्याने अलगद जाळी घातली आणि नरास बादलीत काढले. मादी मात्र करवंटीकडे फिरकली नाही. पाण्यास कोणी वारा घालीत नव्हते, अंड्यांवरचा गाळ कोणी झाडीत नव्हते. तिसऱ्या दिवशी घोसावर कापसासारखी पांढरी बुरशी चढली. नर कोणता आणि मादी कोणती, हे या वेळी नातवाने अगदी बरोबर ओळखले होते.

त्या दिवशी तो जेवला नाही. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारास जाताना तिने त्यास बरोबर घेतले. पनवेलच्या मासळीबाजारात आजीच्या ओळखीची एक कोळीण होती. तिच्या पाटीत शिंगाळे पाहून आजीने हकिगत सांगितली. कोळिणीने एका मोठ्या शिंगाळ्याचा जबडा उघडला. आत, जिभेच्या मागे, करवंदाएवढी दोन-तीन अंडी अडकून राहिली होती.

“मावशी, हिने आपलीच अंडी खाल्ली?”

“खाल्ली न्हाय रं पोरा, संबाळली. आनि ही आयशी न्हाय, यो बापूस हाय. बाकीची व्हडीतच सांडली.”

समुद्रातील शिंगाळ्यांची हीच रीत आहे. विणीच्या काळात मादीच्या पोटाखालचे पर मोठे व जाड होतात, ती तिची खूण. अंडी घातली की तिचे काम संपते. नर ती तोंडात घेतो आणि पिले बाहेर पडून पोहू लागेपर्यंत कित्येक आठवडे उपाशी राहतो. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, मालपे आणि मंगळूर या भागात, पर्ससीन जाळ्यांनी मोठ्या प्रमाणावर मासेमारी सुरू झाली. थवा सबंध वेढून घेणारे हे जाळे. तोंडात अंडी धरलेल्या नरांचे थवे त्यात सापडले, अंडी डेकवर सांडली, आणि काही वर्षांतच त्या किनाऱ्यावरील शिंगाळा ओसरला. एका बापाबरोबर एक सबंध वीण जात होती.

असा बाप प्रथम ओळखण्याचा मान ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याचा. ‘ग्लानिस’ नावाच्या मिशाळ माशाचा नर चाळीस-पन्नास दिवस अंड्यांवर पहारा करतो, असे त्याने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. पुढच्या विद्वानांना ते खरे वाटेना. अखेर एकोणिसाव्या शतकात लुई अगासी याने ग्रीसमधून मासे मिळवून त्याच्या म्हणण्याची सत्यता पटवून दिली. त्या माशाच्या शास्त्रीय नावात आज ॲरिस्टॉटलचे नाव आहे. कोळिणीस हे ठाऊक नव्हते आणि तिचे त्यावाचून काही अडलेही नव्हते.

दिवाळीनंतर करवंटीत पुन्हा नारिंगी घोस दिसला. नातवाने जाळी खुंटीवरून काढून आजीच्या हाती दिली आणि ती उंच फळीवर ठेवावयास सांगितली. शाळेतून आला की तो पेटीसमोर बसे. करवंटीच्या तोंडाशी झुडुपी नाकाचा तो काळा मासा रात्रंदिवस पर हालवीत होता. आठवडा उलटण्याच्या सुमारास अंड्यांच्या जागी वळवळणाऱ्या शेपट्या दिसू लागल्या, तेव्हा नातवाने आजीला हाक मारली. आजी वाकली, पदराने काच पुसली आणि बराच वेळ पाहत राहिली.

“बापूस केवढा वाळलाय बघ,” ती म्हणाली आणि काकडीची एक चकती कापून आणावयास आत गेली.