पानिपतच्या वाटेवरील एक कागद

आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एक समजूत चालत आली आहे की, आमचे एक पूर्वज शिलेदार होते व ते पानिपतावर पडले. दसऱ्यास एका गंजलेल्या तलवारीची पूजा होते, यापलीकडे पुरावा काय, असे नातवाने विचारले. प्रश्न रास्त होता. पूर्वजांचे नावही कोणास ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही प्रथम नाशिकास गेलो.

तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूने स्वहस्ते आपले, वडिलांचे, आजोबांचे व बंधूंचे नाव लिहावे, अशी जुनी रीत आहे. गाव व आडनाव सांगताच उपाध्येबुवांनी बासन सोडले. त्या पूर्वजांच्या मुलाचा मोडी लेख निघाला. मातुःश्रींसह आल्याचे लिहून त्याने पित्याचे नाव दिले आहे. एवढे हाती नसता पुण्याच्या पेशवे दप्तरात शिरणे म्हणजे अरण्यात शिरणे होय. तेथे हजारो रुमाल, त्यांत कोट्यवधी कागद. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात वेचे काढून ४५ भाग छापविले खरे. पण सामान्य घराण्याचा कागद रुमाल सोडूनच शोधावा लागतो.

मोडी अक्षर अभ्यासाने वळते. घोटाळा होतो तो सालांचा. कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत असतो. इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, मिळून ११६१. त्यात डिसेंबरअखेर ५९९ व पुढे ६०० मिळवावे, म्हणजे इसवी सन १७६०-६१ येतो. (जन्मभर संस्कृत संख्यावाचकांत रमलेल्या आम्हांस ही अरबी उजळणी मोठी गमतीची वाटली.)

आमचा कागद पुढच्या, म्हणजे इसन्ने सालचा निघाला. तो बालपरवेशीचा होता. लढाईत पडलेल्यांच्या अज्ञान मुलांच्या पालनार्थ सरकारातून जी नेमणूक होई, ती ही. पूर्वज पानिपतावर पडले हे ठरले. परंतु त्यांच्या नावापुढे शिलेदार नव्हे, तर दाणावैरणीकडील कारकून, असे स्पष्ट आहे.

आमचे थोरले बंधू हे ऐकून खिन्न झाले. “मग आजवर आपण पूजा कोणाच्या तलवारीची केली?” असे त्यांनी विचारले. आम्हांस मात्र तसे वाटले नाही. १७६० च्या ऑक्टोबरात कुंजपुरा घेऊन भाऊसाहेबांची फौज पानिपतास आली, तो अब्दालीने दक्षिणेची वाट रोखली. रसद पाठविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. पुढे छावणीत माणसे व घोडी उपाशी मरू लागली. त्या दिवसांत दाण्याची वही ज्याच्या हाती होती, त्याला रोज सायंकाळी काय लिहावे लागले असेल? शिलेदाराला निदान आपल्याच घोड्याकडे पाहावयाचे होते.

पुढे पौष शुद्ध अष्टमीस, लढाईच्या तिथीस, आम्ही पानिपतास गेलो. शहराबाहेर काला आंब येथे स्मारकस्तंभ आहे. भोवती गहू हिरवागार उभा होता. थंडी कडक होती. बंधू बरोबर आले होते. त्यांनीच तांब्यात पाणी व तीळ घेतले आणि गोत्र उच्चारून, नावासाठी आमच्याकडे पाहिले. आम्ही वहीतले नाव सांगितले.