बर्फाचे ओरखडे

अब्बा हिंगणघाटला भूगोल शिकवायचे. मे महिन्यात पारा ४६च्या वर गेला, की वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारता मारता सांगायचे, "इथून जवळच एकेकाळी हिमनदी होती." आम्ही भावंडे हसायचो. दादी म्हणायची, "धूप लग गई मास्टर को."

दगडांची खरी मालकीण दादीच. गिरडला शेख फरीदबाबांच्या दर्ग्यावर गेलो, की टेकडीवरचे गोल खडे ती ओढणीच्या टोकाला बांधून आणायची. बाबांची थट्टा करणाऱ्या बंजारा व्यापाऱ्यांचा नारळांसकट सगळा माल दगड झाला, तेच हे. अब्बा म्हणायचे, लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेली ती खनिजे, झिओलाइट. आम्हाला मात्र दादीचे नारळ खरे वाटायचे; निदान ते हातात धरता येत.

अब्बा गेल्यावर त्यांच्या वहीत चांद्याजवळच्या इरई गावाचे नाव सापडले. तिथे, वर्धेला मिळण्याआधीच्या पैनगंगेच्या पात्रात, १८७२ साली फेडन या भूवैज्ञानिकाला समांतर ओरखड्यांचा चुनखडक दिसला होता. उष्ण प्रदेशात बर्फ कुठला, अशी शंका तोवर जाणकारही घेत होते. म्हणजे आमचे हसणे तसे जुनेच!

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी अंटार्क्टिकाला जोडून दक्षिण ध्रुवाकडे होती. सरकत्या बर्फाच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी खालचा खडक खरवडला, स्वतःही घासले गेले. बर्फ वितळले तेव्हा लहानमोठे धोंडे चिखलासकट एकत्रच पडले. नदीने आणले असते तर आकाराप्रमाणे निवडले गेले असते. पुढे त्यावर जंगले वाढली, त्यांचाच वर्धा खोऱ्यातला कोळसा. आपल्या जिल्ह्यातला काळा दगड फार उशिराचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा. "मूळचे कुठले तुम्ही?" असे गाडीत कोणी विचारले, की आता आम्हाला पैनगंगा आठवते.

डिसेंबरात आम्ही तिघे भावंडे तिकडे गेलो. गुराख्याच्या एका पोराने पात्रातला एक खडक दाखवला. त्यावर बारीक, सरळ रेघा होत्या. बहिणीने त्यांवरून नख फिरवले. त्या बर्फाच्याच, की पाण्याने वाहून आणलेल्या दगडांच्या, हे छातीठोक सांगणारा माणूस आमच्यात उरला नव्हता. बराच वेळ कोणी बोललो नाही.

निघताना दादीच्या डब्यात मावेल एवढा एक खडा उचलला, एका अंगाने सपाट घासलेला. गिरडच्या नारळांशेजारी ठेवला आहे.