प्रकल्प अहवालात नसलेला रकाना

बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालात घसाऱ्याचा एक रकाना असतो. बॉयलरचा घसारा, ड्रायरचा, कटिंग मशिनचा, अगदी शेडचासुद्धा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून (२०२० सालची, ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख) दोडामार्गात काजू प्रक्रियेचं युनिट टाकायचं ठरलं, तेव्हा तो अहवाल मीच तयार केला. गोव्यातल्या कंपनीत अकाउंट्सलाच होते, आकड्यांची भीती नव्हती. व्याज, वीज, मजुरी, बारदान, सगळं नीट बसवलं. मालकाचं फक्त वर नाव आणि खाली सही.

नोकरीत संध्याकाळी कंपनीची बस लागायची. टेबलावर काहीही पडलेलं असो, बस कुणासाठी थांबत नसे, म्हणून आम्ही उठायचो. इथली कितीतरी माणसं आजही अशीच सकाळी हद्द ओलांडून गोव्यातल्या कारखान्यांत जातात आणि संध्याकाळी परत येतात. माझा नवराही त्यांतलाच. पहिल्या हंगामात तो यायचा, जेवायचा, झोपायचा आणि मी अजून शेडमध्ये. सुट्टी हवी होती, पण ती मागायची कुणाकडे हेच कळेना.

फेब्रुवारी ते मे एवढ्यात वर्षभराची बी घेऊन ठेवावी लागते. पैसा सगळा त्या चार महिन्यांत अडकतो, आणि झोपही. बागवाले दिवसभर बी वेचतात, बोंडूपासून पिळून वेगळी करतात आणि पिशव्या घेऊन येतात ते दिवेलागणीनंतर. कुणी भेडशीहून, कुणी मणेरीहून. दर रोज हलतो. आफ्रिकेतून, आयव्हरी कोस्टहून नाहीतर टांझानियाहून जहाजाने आलेली बी स्वस्त पडली की इथल्या बागायतदाराची पिशवी उतरते, आणि त्याला ते पटवून देण्याचं काम माझ्याकडे. मूठभर बी पाण्यात टाकून तरंगणारी किती ते बघायचं, दोन-चार फोडून गर बघायचा. मी हे शिकत असते आणि समोरच्याला घरी जायची घाई असते.

घेतलेली बी आधी उन्हात वाळवायची. मग वाफ. वाफवलेली बी लगेच फोडता येत नाही, रात्रभर गार व्हावी लागते, म्हणून वाफ संध्याकाळी. फोडलेला गर ड्रायरमध्ये ६५-७० अंशांवर सहा-आठ तास, तोही रात्री, कारण सकाळी सोलायला बायका येतात तेव्हा साल सुटायला आलेली हवी. मध्ये उठून ट्रे वरखाली करावे लागतात, नाहीतर गर करपतो. चार किलो बीतून जेमतेम एक किलो गर. अख्खा, पांढरा निघाला तर दोनशे चाळीस किंवा तीनशे वीस नंबर. तुटला की तुकडा, आणि दर कोसळला. (तीनशे वीस म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर. पौंड देशातून कधीच गेला, काजूत तेवढा राहिला.) अशा मालासाठी रात्री दोनला उठायला काय हरकत, असं वाटतं. एक रात्र वाटतं.

फोडायला-सोलायला येणाऱ्या बायकांचं मात्र ठरलेलं. टरफलातलं तेल कातडी भाजतं, म्हणून हाताला राख नाहीतर खोबरेल लावून बसतात. मोजे दिले तर बोटांना अंदाज येत नाही म्हणून काढून ठेवतात. एकला डबा, मग थोडं आडवं होणं, मग पुन्हा काम. बाजारातही दुपारी शटरं खाली. माझं माहेर तिलारी घाटाच्या वर, चंदगडकडचं. तिथे भर दुपारी दुकान बंद ठेवणाऱ्याला आळशीच म्हणतील. त्यामुळे ही सगळी माणसं दुपारी कुठे जातात, आणि जाऊन त्यांचं चालतं कसं, हे मला कोडंच होतं.

सगळ्यांत वयस्क बाई एकदा म्हणाली, "वयनी, जेवून घेवा पयली. बियो काय पळान जातत?"

"दर पळतो ना," मी म्हटलं.

"दर फाल्यां परत येता." एवढं बोलून तिने अंगाखाली गोणपाट ओढलं.

व्यापाराच्या हिशेबात तिचं म्हणणं खरं नाही. गेलेला दर कधीकधी त्या हंगामात परत येतच नाही. मी तसं म्हणाले नाही. तोवर तिला झोप लागली होती.

मार्चमध्ये मला ताप आला. आमच्याकडे हंगामातला ताप कुणी सहज घेत नाही. जानेवारी २०१६ मध्ये याच तालुक्यातल्या केर गावात माकडताप सापडला. कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात १९५७ साली ओळखला गेलेला हा आजार, गोचीड चावून होणारा. आणि गोचिडींचे दिवस व बी वेचायचे दिवस नेमके एकच. त्यामुळे क्रोसिन घेऊन काट्यावर उभं राहणं चालत नाही, रक्त द्यावं लागतं. रिपोर्ट येईपर्यंत सासूबाईंनी बांबोळीला कोण नेणार, डबा कोण पोचवणार, इथवर ठरवून टाकलं होतं. मोठं दुखणं म्हणजे बांबोळीचं मेडिकल कॉलेज, ही इथली पिढ्यांची सवय. २०१८ मध्ये गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात त्यावरून आंदोलन झालं होतं.

माकडताप नव्हता, साधा ताप निघाला. पण डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि आकडा आला १५०/१००. ताप उतरल्यावरही तो खाली येईना.

"दिवसाला किती तास काम करता?" त्यांनी विचारलं आणि मी गडबडले. बॉयलरसमोर खुर्चीत बसलेली असते, ते काम की आराम? रात्री दोनचे ट्रे दहा मिनिटांचे धरायचे, की त्यांच्यामागे मोडलेली अख्खी रात्र? घरी येऊन शोधत बसले तर जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ सालचा हिशेब सापडला: आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त राबणाऱ्यांना ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त. माझे ५५ तास गुरुवारीच भरत होते, आणि हे खुर्चीतली वेळ आराम धरून.

रोज एक गोळी, चालणं, मीठ कमी. सुका बांगडा माझ्या ताटातून गेला, हे सासूबाईंना रक्तदाबापेक्षा मोठं दुखणं वाटलं.

मी पडून होते तेव्हा युनिट बंद पडलं नाही, आणि नीट चाललंही नाही. एका घाण्याला वाफ जास्त झाली, गर पिवळट पडला. एका रात्री ट्रे फिरवायचे राहिले. घरचे म्हणत होते, जाऊ दे, जीव महत्त्वाचा. पण अकाउंट्सवालीला जाऊ दे म्हणता येत नाही. अख्ख्याचा दर वजा पिवळ्याचा दर, गुणिले किलो, असं करत नुकसान रुपयांत काढलं. रात्री ड्रायर बघायला माणूस ठेवला असता, तर त्याचा बराचसा पगार त्यात निघाला असता.

सीएंना विचारलं, माझी विश्रांती खर्चात धरता येईल का? ते हसले. एकल मालकीत मालकाचा पगारसुद्धा खर्च धरत नाहीत, ती उचल. विश्रांतीचं काय घेऊन बसलात! १९४८ च्या कारखाने कायद्यातही सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याची सुट्टी लिहिली होती ती कामगाराला. माझ्याएवढ्या युनिटला तो कायदा लागतही नव्हता. तरी बायका पाळतात, आपल्या आपण. मालकासाठी त्यात ओळ नव्हती. असायचं कारणही नाही म्हणा, मालकाला कोण पकडणार?

तेव्हा सीएंचा हिशेब त्यांच्याकडे, आणि माझी वेगळी वही केली. तिच्यात घसाऱ्याच्या खाली एक ओळ वाढवली: रात्रपाळीचा माणूस, हंगामापुरता. त्याच्याखाली माझ्या गोळ्या आणि तपासण्या. त्याच्याखाली चतुर्थीचे बंद दिवस. ते तसेही बंदच असतात, पण खर्च म्हणून कुणी लिहीत नाही. बेरीज केली तर गराचा किलोचा पडता काही रुपयांनी वाढला.

म्हापशाच्या व्यापाऱ्याला नवा दर सांगितला तर तो म्हणाला, "भाव कशाचा वाढवला? बी तर उतरलीय." मी खर्च वाढलाय एवढंच म्हटलं. बरीच घासाघीस झाली. निम्मी वाढ त्याने मान्य केली, तीही तीनशे वीस नंबरवर, तुकड्यावर नाही. उरलेली निम्मी पाकिटांच्या किरकोळ विक्रीतून निघते का ते बघतेय. रात्रपाळीला एकजण यायला तयार आहे, पण त्याला दशावताराच्या रात्री सुट्टी हवी आहे. त्या रात्री ड्रायर कोण बघणार, हे अजून ठरलेलं नाही.