झालरीबद्दलचं माझं बदललेलं मत

झालर म्हणजे कापडाची नासाडी, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. उशीच्या अभ्र्याला, तोरणाला, शुभेच्छापत्राच्या कडेला चुण्यांची पट्टी दिसली की मला ती दिखाऊ वाटायची. हिशेबही तेच सांगत होता. झालर भरदार दिसायची तर पट्टी कडेच्या निदान दुप्पट लागते, मलमलीसारखं झिरझिरीत कापड असेल तर अडीचपट. १६ इंची चौकोनी उशीच्या चार बाजू ६४ इंच भरतात. तिच्या झालरीला १२८ इंच, म्हणजे सव्वातीन मीटर पट्टी जाते. ज्या घरात चिंधीसुद्धा गोधडीसाठी बांधून ठेवतात, तिथे वाढलेल्या बाईला हे पटणार कसं?

मत बदललं ते जुन्या सुती साड्यांमुळे. वापरून वापरून त्या इतक्या मऊ आणि विरविरीत होतात, की अभ्रा शिवला तर शिवणीवर ताण येऊन फाटतो. कार्डावर सपाट चिकटवावं तर डिंक पाझरून वर येतो आणि कापडाचं पोतेरं होतं. असंच एक विरलेलं कापड सहज धावदोरा घालून ओढून पाहिलं, तर मेलेलं कापड उभं राहिलं. चुणीच्या माथ्यावर रंग उजळ, खोलीत गडद. एकाच फिक्या निळ्यात तीन छटा दिसू लागल्या. नव्या, खळ असलेल्या कापडाला असं कधीच जमत नाही. ते ताठ राहतं आणि चुण्या फुगतात. आधी धुऊन खळ काढली तरच ते वळतं. म्हणजे जे कापड इतर कशालाच उरलेलं नाही, तेच झालरीला सर्वांत चांगलं. नासाडीचा माझा मुद्दा तिथेच गळून पडला.

मग इतर देशांतल्या बायकांनीही हे ओळखलं होतं, हे लक्षात आलं. कापडाचा गोल कापायचा, कड आत दुमडत धावदोरा घालायचा आणि दोरा ओढायचा, की चुण्यांचं फूल तयार. ४ इंची गोलाचं फूल जेमतेम २ इंचांचं होतं. इंग्लंडात त्याला सफक पफ म्हणतात, अमेरिकेत योयो. अमेरिकेत १९३०च्या दशकात, मंदीच्या ओढगस्तीत, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची अशी फुलं जोडून अख्ख्या चादरी शिवत. गोधडीमागची आणि या फुलामागची काटकसर एकच, आणि टाकाही तोच. गोधडीत तो सपाट ठेवतात, इथे ओढतात, एवढाच फरक.

शिवताना दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. पट्टी साडीच्या लांबीत कापण्याचा मोह होतो, कारण जोड द्यावे लागत नाहीत. तरी ती पन्ह्यात, एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे कापावी. मग उभा धागा चुणीच्या दिशेने राहतो आणि चुण्या सरळ पडतात. दुसरं म्हणजे धावदोऱ्याच्या रांगा दोन हव्यात, पाव इंचाच्या अंतराने. एकाच रांगेत चुण्या पिळवटतात. मशीनवर टाका सर्वांत मोठा ठेवायचा, वरचा दोरा किंचित सैल करायचा, टोकाला उलटी टीप मारायची नाही आणि बॉबिनकडचे दोन्ही रांगांचे दोरे एकदम, हळूहळू ओढायचे. उशीच्या कोपऱ्यावर चुण्या मुद्दाम दाट घ्याव्यात. नाहीतर तिथे झालर ओढल्यासारखी दिसते. चुण्यांवरून इस्त्री फिरवली की सगळी मेहनत वाया.

कार्डाचं काम जास्त नाजूक. कापडातली चुकलेली टीप उसवता येते, कागदात सुईचं भोक कायमचं राहतं. बारीक टाका घातला तर कार्ड टपालाच्या तिकिटासारखं टिपेवरून अलगद फाटून येतं. म्हणून चुणलेली पट्टी आधी फितीवर पक्की करावी आणि मग ती फीत लांब टाक्याने कार्डावर एकदाच शिवावी. कागद सुईची धार घालवतो, त्यामुळे कार्डाची सुई वेगळीच ठेवलेली बरी.

खणाच्या बाबतीत मात्र माझं जुनं मत कायम आहे. गुळेदगुड्ड्याच्या खणाची सारी शोभा त्याच्या विणलेल्या बुट्ट्यांत आणि काठांत असते. चुण्यांत त्या गडप होतात आणि विणकराचं काम दिसतच नाही. पैठणीच्या काठाचंही तेच. हल्ली तोरणांना खणाच्या झालरी सर्रास लावतात, त्या पाहून मला वाईट वाटतं. खण सपाटच लावावा आणि झालर हवीच असेल तर त्याच्या खाली साध्या सुती कापडाची घ्यावी.

तेव्हा यंदा दिवाळीची शुभेच्छापत्रं घरी करणार असाल, तर नवं कापड विकत आणू नका. कपाटातली विरलेली सुती साडी काढा, तिचा न फाटलेला भाग पन्ह्यात कापा आणि झालर तिचीच करा.