वेलांटीला लटकलेला काना

सगळीकडचं ‘कामगार’ काढून ‘कर्मचारी’ करा, एवढंच गिऱ्हाइकाचं म्हणणं होतं. चाकणच्या एका कारखान्याचं हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर आम्ही थेरगावातून सांभाळतो. त्यातली मराठी वाक्यं एका लांबलचक फाइलमध्ये आहेत. व्हीएस कोड या एडिटरमध्ये रेगेक्स, म्हणजे शोधाचा नमुना, लावायचं, की झालं. डांगे चौकातली संध्याकाळची गर्दी ओसरेपर्यंत उरकू म्हणून बसलो.

पूर्ण शब्दच सापडावा म्हणून दोन्ही बाजूंना शब्दाची हद्द सांगणारं बॅकस्लॅश-बी घातलं. एकही निकाल नाही. उघड्या फाइलमधला हा शोध जावास्क्रिप्टच्या नियमांनी चालतो, आणि तिथे शब्द बनतो तो ए ते झेड, इंग्रजी आकडे आणि अंडरस्कोअर यांचाच. देवनागरीत त्याच्या लेखी शब्दच नाहीत, मग शब्दाची हद्द कुठून सापडणार? हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बॅकस्लॅश-बी उडवलं, भराभर निकाल आले, आणि खुशीत ‘रिप्लेस ऑल’ दाबलं. एकेक बदल बघत जायचं बटण शेजारीच होतं.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या मॅडमचा फोन. “सर, हा शब्द वाचायचा कसा?” पडद्यावर होतं: ‘कर्मचारीांना’. ‘कामगारांना’मधला काना अनुस्वारासकट मागे राहून वेलांटीला लटकला होता. सामान्यरूपं शाळेत पाठ केली होती, पण कामाच्या वेळी आठवतात थोडीच! वर पगारपत्रकात ‘कर्मचारी कल्याण निधी’ (१९५३च्या कायद्यातलं नावच मी बदललं होतं) आणि १ मेच्या सुट्टीपुढे ‘कर्मचारी दिन’. युनियनवाल्यांनी जे ऐकवलं ते रास्तच होतं.

गिटमधून जुनी फाइल परत आणली. ‘दिन’ किंवा ‘कल्याण’ पुढे असेल तर सोड, अशी अट घातली. आधी ‘कामगारा’चं ‘कर्मचाऱ्या’ केलं, मग उरलेल्या ‘कामगार’चं ‘कर्मचारी’. पडताळणीला ‘कर्मचाऱ्यांना’ शोधलं, तर समोर दिसणारे कितीतरी शब्द सापडेनात. फाइल बिघडली असं समजून ते हाताने पुन्हा टाइप करत बसलो, आणि त्या नादात दोन-चार ठिकाणी ‘कर्मचार्यांना’ करून ठेवलं.

बिघडलं काहीच नव्हतं. युनिकोडमध्ये ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलंत देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलंत देऊन त्याच्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवून. माझा कीबोर्ड पहिला लिहितो, आमच्या जुन्या अनुवादकाचा दुसरा; फाइलमध्ये त्याने आधीच लिहिलेले ‘कर्मचाऱ्यांना’ म्हणून माझ्या शोधात येत नव्हते. आता शोधताना गोल कंसात दोन्ही ठेवून मध्ये उभी रेघ देतो. नवीन मुलं विचारतात, सर, तोच शब्द दोनदा का लिहिलाय?